युद्धाने दुभंगलेल्या समाजांतल्या स्त्रियांची एकजूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, कार्यकर्त्या आणि नुसत्या कुतूहलापोटी वाचणारे यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही एकजूट म्हणजे नेमकं काय? शांतता मोर्च्यापेक्षा त्यात वेगळं काय?

शांतता मोर्चा एकाच बाजूच्या लोकांनाही काढता येतो. इथे मात्र ज्या समाजांनी एकमेकांची माणसं मारली आहेत, त्या दोन्हींकडच्या बायका मिळून काहीतरी काम करत असतात. कुठे दवाखाना चालवतात, कुठे बेपत्ता माणसं शोधतात, कुठे साक्षी नोंदवतात, कुठे वाटाघाटींत जागा मागतात. त्या एकमेकींच्या मैत्रिणी असतीलच असं नाही. युद्ध कुणी सुरू केलं, सीमा कुठून जावी, यावर त्यांचं कित्येकदा शेवटपर्यंत जमत नाही. कोणता वाद तूर्त बाजूला ठेवायचा आणि कोणता काही केल्या ठेवायचा नाही, हे त्या कसं ठरवतात, ते मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खालची बरीच उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतात.

२. हे अलीकडचं, संयुक्त राष्ट्रांनी आणलेलं फॅड आहे ना?

नाही. पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, २८ एप्रिल ते १ मे १९१५ या काळात, नेदरलँड्समधल्या द हेग शहरात अकराशेहून जास्त स्त्रिया जमल्या. लढणाऱ्या आणि तटस्थ अशा बारा देशांतून त्या आल्या होत्या. यजमानपद डच डॉक्टर अलेटा जेकब्स यांच्याकडे होतं, अध्यक्ष अमेरिकेच्या जेन ॲडम्स होत्या. ब्रिटनमधून सुमारे १८० जणींना यायचं होतं, पण उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद करण्यात आली. पोचल्या फक्त तिघी, त्याही आधीपासून देशाबाहेर होत्या म्हणून. फ्रान्समधल्या प्रमुख स्त्री संघटनांनी यायला नकार दिला.

या परिषदेचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: युद्धाला जबाबदार कोण, हा विषय इथे चर्चेला घ्यायचा नाही. त्या नियमाशिवाय जर्मन आणि ब्रिटिश बायका एका सभागृहात तासभरही बसू शकल्या नसत्या. पण हा नियम सगळीकडे चालत नाही. ते प्रश्न ९ आणि १० मध्ये.

शांतता प्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग मागणारा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५ आला ३१ ऑक्टोबर २००० रोजी. तो अशा चळवळींच्या रेट्यामुळेच आला.

३. बायका मुळातच शांतताप्रिय असतात, म्हणून हे जमतं. बरोबर?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर आहे: नाही. पॉलीन न्यिरामासुहुको रवांडात कुटुंब आणि महिला विकास खात्याच्या मंत्री होत्या. १९९४ च्या वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना २०११ मध्ये दोषी ठरवलं, आणि आरोपांत बलात्कारही होता. बोस्नियातल्या सर्ब नेत्या बिल्याना प्लावशिच यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी २००३ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली. बायका भडकाऊ भाषणं करतात, मुलांना लढायला पाठवतात, शेजारणीचं घर लुटतातही.

मग जमतं ते का? कारणं बरीचशी व्यवहारातली आहेत. नाक्यावर पुरुषाला अडवतात तिथून बाईला कधी कधी जाऊ देतात. पाणी, शिधा, औषध, हरवलेला मुलगा यांसाठीच्या खेपा दोन्हीकडे बायकांच्याच वाट्याला येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बायका एकाच कचेरीच्या दारात भेटतात. श्रीलंकेत विसाका धर्मदासा यांचा सैन्यातला मुलगा १९९८ मध्ये लढाईत बेपत्ता झाला. त्यांनी बेपत्ता सैनिकांच्या आईवडिलांना एकत्र आणलं, सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी असावी म्हणून आग्रह धरला, आणि पुढे एलटीटीईच्या ताब्यातल्या भागात जाऊन तिथल्या लोकांशीही बोलल्या. ‘आई’ या नात्याने उघडणारं दार खरंच उघडतं. पण ‘वीरमाता’ म्हणून त्याच नात्याचा वापर युद्धासाठीही होतो, आणि मूल नसलेल्या बाईला तिथे जागा उरत नाही.

४. सुरुवात कुठून करतात? पहिल्याच भेटीत बोलायचं तरी काय?

मन मोकळं करण्याच्या बैठकीपासून सुरुवात केलेले गट फार टिकलेले दिसत नाहीत. कामापासून सुरू झालेले टिकतात. बोस्नियातल्या झेनित्सा शहरात १९९३ मध्ये ‘मेडिका झेनित्सा’ हे स्त्रियांसाठीचं उपचार केंद्र उघडलं. पुढाकार स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर यांचा, पण केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक स्थानिक. बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) आणि क्रोएट फौजा त्याच वर्षी एकमेकींशी लढत होत्या आणि इथे बोस्नियाक, क्रोएट, सर्ब बायका एकाच ठिकाणी पाळी लावून काम करत होत्या. दाराशी अत्याचार झालेली बाई उभी असली की तिला आत घेऊन तपासायचं, यासाठी इतिहासावर एकमत लागत नाही.

बेलफास्टमधलं उदाहरण तर अनुदानाच्या भांडणातलं आहे. फॉल्स हा कॅथलिक भाग, शँकिल हा प्रोटेस्टंट. फॉल्स महिला केंद्राचं अनुदान महापालिकेने कापलं, तेव्हा शँकिलचं महिला केंद्र जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभं राहिलं. आज त्यांचं कापलं, उद्या आपलं कापतील, हा हिशेब त्यामागे होता. मला हा हिशेब भाबड्या प्रेमापेक्षा भरवशाचा वाटतो.

अर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या युद्धात अनाहित बायंदुर आणि आरझू अब्दुल्लायेवा यांनी दोन्हीकडच्या ओलिसांच्या आणि कैद्यांच्या सुटकेसाठी काम केलं. १९९२ चं ओलोफ पाल्मे पारितोषिक दोघींना मिळून मिळालं.

५. सीमा बंद असेल तर भेटायचं कुठे?

तिसऱ्या देशात, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या पट्ट्यात किंवा इंटरनेटवर. सायप्रसमध्ये १९७४ पासून बेट दोन तुकड्यांत आहे. ग्रीक आणि तुर्की सायप्रियट बायकांची ‘हँड्स अक्रॉस द डिव्हाइड’ ही संघटना २००१ मध्ये उभी राहिली, तेव्हा रेषा ओलांडायला सर्वसामान्यांना बंदी होती. तपासणी नाके उघडले २३ एप्रिल २००३ रोजी. तोवर एकाच शहरात काही मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या बायकांना एकमेकींना भेटायला परदेशी जावं लागे. कारगिल युद्धानंतर, मार्च २००० मध्ये, निर्मला देशपांडे यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांची बस दिल्लीहून लाहोरला गेली ती मात्र थेट, सरहद्दीवरूनच.

६. चौकात गप्प उभं राहून काय होतं?

लगेच काही होत नाही, आणि उभ्या राहणाऱ्यांना ते माहीत असतं. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाल्यावर जानेवारी १९८८ मध्ये जेरुसलेममध्ये काही इस्रायली स्त्रिया दर शुक्रवारी दुपारी एक तास काळे कपडे घालून एका चौकात उभ्या राहू लागल्या. हातात पंजाच्या आकाराचा काळा फलक, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ताबा थांबवा’. येणारे-जाणारे शिव्या द्यायचे, त्यातल्या बऱ्याच बाईपणावरून. उत्तर द्यायचं नाही, हा नियम. यातून ‘विमेन इन ब्लॅक’ हे नाव आणि ही पद्धत देशोदेशी गेली. बेलग्रेडमध्ये ९ ऑक्टोबर १९९१ पासून त्या उभ्या राहू लागल्या. तिथे त्यांनी सैन्यातून पळालेल्या आणि भरतीला नकार देणाऱ्या तरुणांनाही मदत केली.

याचा खरा परिणाम पलीकडच्या बाजूला होतो. तिकडच्या बाईला कळतं की तिथे ‘सगळेच तसले’ नाहीत. पुढे भेटायची वेळ आली की कुणाला निरोप धाडायचा, हेही ठाऊक झालेलं असतं.

७. लायबेरियात बायकांनी युद्ध थांबवलं असं सगळीकडे वाचतो. खरं का?

त्यांचा वाटा मोठा होता, पण त्या एकट्यांमुळे युद्ध थांबलं असं म्हणता येणार नाही.

२००३ मध्ये मन्रोव्हियात लेमा बोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चमधल्या बायकांना एकत्र केलं होतं. पोलीस अधिकारी असलेल्या आसातू बा केनेथ यांनी मुस्लिम बायकांना सोबत आणलं. काही ख्रिस्ती बायकांना हे मान्य नव्हतं. गोळीला माणसाचा धर्म कळतो का, असा प्रश्न तेव्हा बैठकीत विचारला गेला. मग पोशाख ठरला: पांढरा टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं, दागिने नाहीत, रंगरंगोटी नाही. त्यामुळे कोण कुठल्या धर्माची आणि कोण किती पैसेवाली, हे वरून कळेना. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा ज्या रस्त्याने जायचा, त्याच रस्त्याकडेच्या मासळी बाजाराच्या मैदानात त्या ऊन-पावसात रोज बसू लागल्या. एप्रिलमध्ये टेलर यांना त्यांना भेटावं लागलं.

घानाची राजधानी अक्रा इथे वाटाघाटी सुरू होऊन आठवडे उलटले तरी पुढे काही सरकेना. बंडखोर नेते हॉटेलात आरामात आणि मन्रोव्हियावर तोफगोळे पडतायत, अशी स्थिती. जुलैमध्ये बायकांनी सभागृहाच्या दाराबाहेर हातात हात गुंफून फतकल मारली आणि प्रतिनिधींना बाहेर पडू देईनात. अटक करायला रक्षक आले तेव्हा बोवी अंगावरचे कपडे उतरवायला लागल्या. बाईने, त्यातून आईच्या वयाच्या बाईने, असं करणं पश्चिम आफ्रिकेत बघणाऱ्यांना शाप मानला जातो. मुख्य मध्यस्थ, नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी रक्षकांना परत पाठवलं आणि प्रतिनिधींना आत बसवलं. १८ ऑगस्टला करार झाला.

त्याच वेळी इतरही गोष्टी घडत होत्या. सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने टेलर यांच्यावरचं आरोपपत्र जूनमध्येच उघड केलं होतं, बंडखोर राजधानीच्या वेशीवर होते, ऑगस्टच्या सुरुवातीला नायजेरियन शांतिसैनिक उतरले, आणि ११ ऑगस्टला टेलर पायउतार झाले. बायकांनी दबाव नेमक्या वेळी, नेमक्या दारावर आणला. बोवी यांना २०११ मध्ये शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

८. वाटाघाटींच्या टेबलावर बायकांना कुणी बोलावत नाही. मग त्या पोचतात कशा?

एक वाट अडवण्याची, ती वर आली. दुसरी वाट नियमांतली फट शोधण्याची. उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ साली ठरलं की मे महिन्यात निवडणूक होईल आणि पहिल्या दहा पक्षांना वाटाघाटींत दोन-दोन जागा मिळतील. आधीच्या पक्षांकडे बायकांना जागा देण्याची मागणी केली तर कुणी दाद देईना, तेव्हा काही आठवड्यांत ‘नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोएलिशन’ हा पक्ष उभा राहिला. मतं मिळाली सुमारे एक टक्का. दहात बसायला तेवढी पुरली. टेबलावर बसल्या मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर, एक कॅथलिक पार्श्वभूमीची आणि एक प्रोटेस्टंट.

उत्तर आयर्लंडने आयर्लंडमध्ये जावं की ब्रिटनमध्येच राहावं, या मूळ प्रश्नावर पक्षाने भूमिकाच घेतली नाही. समता, मानवी हक्क आणि सर्वांना सामावून घेणं या तीन तत्त्वांवर जे बसेल तेवढंच बोलायचं. सभागृहात त्या बोलायला उठल्या की काही सदस्य गाईसारखे हंबरत. या वाटाघाटींतून निघालेल्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारात हिंसेचे बळी, स्त्रियांचा राजकीय सहभाग, एकत्र शाळा आणि मिश्र वस्त्या यांचे उल्लेख आले, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता.

तिसरी एक वाट सोमालियातली, ती शेवटच्या प्रश्नात.

९. एक बाजू दुसरीवर राज्य करत असेल तर ‘दोन्ही बाजूंनी समजून घ्या’ म्हणणं म्हणजे अन्यायच नाही का?

हो, पुष्कळदा असतो. एकमेकींना भेटायला निघालेल्या दोघींपैकी एकीला गाडी काढली की झालं, आणि दुसरीला परवाना काढून नाक्यावर तासन् तास थांबावं लागतं. भेटीत पहिली म्हणते ‘मला तुझी भीती वाटते’, दुसरी म्हणते ‘माझं घर पाडलं’. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालणारी सूत्रसंचालक नेमली की दुसरी बाई पुढच्या वेळी येत नाही.

‘जेरुसलेम लिंक’ने यावर १९९४ मध्ये एक रचना केली: पश्चिम जेरुसलेममध्ये इस्रायली स्त्रियांची ‘बात शालोम’, पूर्व जेरुसलेममध्ये पॅलेस्टिनी स्त्रियांचं केंद्र. दोन्ही स्वतंत्र, दोघींचा कारभार वेगळा, आणि वर तत्त्वांचं एक लेखी संयुक्त निवेदन. आधी तत्त्वं, मग गप्पा. तरीही निर्वासितांच्या परतीच्या हक्कावर खडाजंगी झालीच, आणि २००० मध्ये दुसरा इंतिफादा पेटल्यावर भेटणंच मुश्किल झालं. यावरून ही रचना फसली असा निष्कर्ष काढतात. मला वाटतं, जो मुद्दा खरोखर अडलेला होता तो कागदावर दिसला, आणि लपून राहण्यापेक्षा ते बरं.

१०. आपल्या बाजूने गुन्हे केले असतील तर बायकांनी माफी मागायची का? आम्ही तर काही केलं नाही!

वैयक्तिक अपराध आणि ‘आपल्या नावाने झालेल्या’ गोष्टीची जबाबदारी, हे वेगळं ठेवलं तर उत्तर सोपं होतं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात बोस्नियन सर्ब फौजांकडून आठ हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. सर्बियाची राजधानी बेलग्रेड इथल्या ‘विमेन इन ब्लॅक’ने त्यांतल्या कुणालाही मारलं नव्हतं. तरी त्या वर्षानुवर्षं स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी आपल्याच राजधानीच्या चौकात उभ्या राहतात, आणि ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत जातात. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकारी गटांनी बेलग्रेडकरांना आवाहन केलं: बुटांचा एक जोड आणून ठेवा, सोबत मृतांच्या कुटुंबाला चिठ्ठी लिहा. भर बाजारपेठेच्या रस्त्यावर जुने बूट, चपला, लहान मुलांचे सँडल रांगेने मांडले गेले.

इथे १९१५ चा ‘जबाबदारीवर बोलू नका’ हा नियम (प्रश्न २) लावला असता तर स्रेब्रेनित्साच्या आयांनी दारही उघडलं नसतं. वंशसंहार झालाच नाही असं म्हणणारे आजूबाजूला असताना त्याबद्दल गप्प राहणारी बाई नाकारणाऱ्यांतच धरली जाते.

११. अत्याचार झालेल्या स्त्रीला दुसऱ्या बाजूच्या बायकांसमोर बोलायला लावावं का?

लावू नये. तिला बोलायचं असेल तर जागा द्यावी, आणि पुढची सोय आधी करावी: सोबत कोण, नाव लपवायचं का, रात्री फोन कुणाला करायचा. साक्षीचं मोल मोठं आहे यात वाद नाही. बोस्नियातल्या फोचा गावच्या स्त्रियांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे साक्ष दिली म्हणून २२ फेब्रुवारी २००१ च्या निकालात बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरी हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरले. पण कोर्टात प्रश्न वकील ठरवतो. मे २०१५ मध्ये सारायेव्होत भरलेल्या ‘स्त्रियांच्या न्यायालया’त युगोस्लाव्हियातून फुटलेल्या देशांमधल्या बायका आपापल्या क्रमाने बोलल्या. त्यात गेलेल्या नोकऱ्यांपासून घरच्या पुरुषांच्या सक्तीच्या सैन्यभरतीपर्यंत सगळं होतं. या ‘न्यायालया’च्या निकालाला कायद्याचं बळ नव्हतं.

१२. युद्ध चालू असताना समोरच्या बाजूच्या स्त्रियांशी बोलायला नकार देणं चूक आहे का?

नाही. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये निरनिराळ्या देशांतल्या स्त्रीवाद्यांनी युद्धविरोधी जाहीरनामा काढला, तेव्हा त्याच उन्हाळ्यात युक्रेनी स्त्रीवाद्यांनी वेगळं निवेदन काढून प्रतिकाराचा हक्क मांडला: आक्रमण झालेल्याला शस्त्र टाका म्हणणं तटस्थ नसतं. दुसरीकडे रशियातल्या ‘फेमिनिस्ट अँटी-वॉर रेझिस्टन्स’ने हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून आपल्या सरकारविरुद्ध काम सुरू केलं. या दोघींनी एका मंचावर येऊन हात हातात घ्यायलाच हवेत, हा हट्ट बहुधा तिसऱ्या देशातल्या आयोजकांचा असतो. आपापल्या जागी राहून एकाच दिशेने काम करता येतं. बोलणं नंतरही होऊ शकतं.

१३. आपलेच लोक गद्दार म्हणतात, घरचे अबोला धरतात. काय करावं?

म्हणणारच, ते गृहीत धरा. एकटीने जाहीर होऊ नका. नावं एकत्र द्या. फोटो आणि नावं प्रसिद्ध करण्याचा निर्णय सगळ्यांत जास्त धोका असलेल्या बाईच्या हातात ठेवा, बहुमताच्या नाही. एका बाजूला टोमण्यांवर भागतं तिथे दुसऱ्या बाजूला जीव जाऊ शकतो.

१४. पुरुषांना का वगळता?

बरेच गट वगळत नाहीत. सायप्रसमधल्या बेपत्तांच्या शोधात, माहिती देणाऱ्यांत पुरुष पुष्कळ होते. ठरवण्याचं काम बायकांकडे ठेवतात, एवढंच.

१५. परदेशी निधी घ्यावा का?

घ्यावा, पण अटी वाचून. निधी देणाऱ्यांना दोन्हीकडच्या बायका हसत एकत्र उभ्या असलेला फोटो हवा असतो, तोही वर्षाच्या आत. फोटोची सक्ती असेल तर प्रश्न १३ पाहा आणि नाही म्हणा.

१६. युद्ध संपलं की हे गट का विरतात?

निवडणुका पुन्हा जुन्या रेषांवर होतात म्हणून. उत्तर आयर्लंडच्या विमेन्स कोएलिशनच्या दोन उमेदवार १९९८ मध्ये विधानसभेत निवडून आल्या, २००३ मध्ये दोघी हरल्या, २००६ मध्ये पक्ष बंद झाला. त्यांच्या आग्रहाने करारात आलेला नागरी मंच (नागरी संस्थांचं सल्लागार मंडळ) २००२ मध्येच गुंडाळला गेला होता. जे करारात नुसतं नमूद होतं आणि ज्याला स्वतंत्र खातं, तारीख, पैसा नेमून दिलेला नसतो, ते आधी जातं.

१७. पुन्हा युद्ध पेटलं तर सगळी मेहनत वायाच ना?

४ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमधली ‘विमेन वेज पीस’ आणि पॅलेस्टिनी ‘विमेन ऑफ द सन’ यांनी जेरुसलेम आणि मृत समुद्राकाठी संयुक्त कार्यक्रम केला. तीनच दिवसांनी हमासचा हल्ला झाला. ‘विमेन वेज पीस’च्या संस्थापकांपैकी विवियन सिल्व्हर बेएरी किबुत्झमध्ये मारल्या गेल्या. त्यानंतर गाझात जे झालं त्यात पॅलेस्टिनी सदस्यांनी आपली माणसं गमावली. काही जणी दूर गेल्या, आणि त्यांना दोष देता येत नाही. दोन्ही संघटनांनी शांततेसाठी आधी केलेलं संयुक्त आवाहन मात्र मागे घेतलं नाही. युद्ध न होणं ही एकच कसोटी लावली तर जगातला प्रत्येक असा गट नापास आहे. मी वेगळं बघते: युद्धाच्या पहिल्या आठवड्यात पलीकडे फोन लावता येईल असा एक तरी क्रमांक उरला का?

१८. माझं माहेर एका बाजूचं, सासर दुसऱ्या बाजूचं. मी कुठल्या गटात बसू?

सोमालियात हा प्रश्न हजारो बायकांचा होता. बाई जन्माने वडिलांच्या कुळाची, लग्न दुसऱ्या कुळात, मुलं नवऱ्याच्या कुळाची. युद्धात भाऊ आणि नवरा समोरासमोर. २००० साली जिबूतीतल्या आर्ता इथे शांतता परिषद भरली तेव्हा प्रतिनिधी कुळांप्रमाणे आले, पाच गट धरून, आणि बाईला कुठलंच कूळ पूर्ण आपली म्हणून पाठवेना. आशा हाजी एल्मी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मग जाहीर केलं की आम्ही सहावं कूळ. त्याच नावाने त्या परिषदेत बसल्या, आणि हंगामी संसदेत स्त्रियांसाठी २५ जागा मिळवल्या. तेव्हा तुमच्या भागात दोन्ही बाजूंचे वेगवेगळे गट असतील तर दोन्हींना कळवून दोन्हींत जा, आणि तुमच्यासारख्या आणखी किती आहेत ते आधी मोजा.